अल्पस्मृती यंत्रांचे संदेशजाल : खोडदच्या दुर्बिणीवरून दिसणारा एक इतिहास

१

संगणकशास्त्राच्या इतिहासग्रंथांत लहान यंत्रांचा अध्याय बहुधा सर्वांत शेवटी येतो, आणि तो आकुंचनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जे प्रथम दालनभर पसरलेल्या संगणकास साधले ते पुढे मेजावरच्या संगणकास साधले, आणि अखेरीस बोटाच्या पेराएवढ्या चकतीसही साधले, असा हा क्रम आहे. तो असत्य नाही. तथापि तो अपुरा आहे. विशेषतः एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी जाळ्यावरून बोलावयाचे, या एका व्यवहाराचा विचार केला असता आकुंचनाची ही कल्पना फारशी उपयोगी पडत नाही. कारण संभाषण हा एका यंत्राचा गुण नसून दोन यंत्रांमधील करार होय. आणि करारातील एक पक्ष दुर्बळ झाला की त्याच्या वाट्याचे काम नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जाते.

हे काम मुख्यत्वे लक्षात ठेवण्याचे आहे. पाठविलेला संदेश पोहोचला की नाही, न पोहोचल्यास तो पुन्हा कोठून आणावयाचा, अर्धवट आलेल्या संदेशाचा उरलेला भाग येईपर्यंत पहिला भाग कोठे ठेवावयाचा, पलीकडचा पक्ष अद्याप जागा आहे की मधल्या काळात बंद पडला, या सर्व प्रश्नांची उत्तरे कोणी तरी स्मृतीत बाळगावी लागतात. अल्पस्मृती यंत्रांच्या संदेशजालाचा इतिहास म्हणजे हे ओझे कोणी वाहावयाचे याविषयीच्या बदलत्या निर्णयांचा इतिहास होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण घेतले आहे : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जी जी.एम.आर.टी. या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाते. या उदाहरणाचा सोयीस्कर भाग असा की एकाच दुर्बिणीवर, त्याच तीस अँटेनांसाठी, हा निर्णय एकदा नव्हे तर दोनदा घेतला गेला आणि दोन्ही वेळचे उत्तर निरनिराळे आले.

२

प्रथम मोठ्या संगणकांच्या जगातील गृहीतकृत्ये पाहणे अवश्य आहे. टी.सी.पी. या संदेशनियमाचे जे रूप पुढे रूढ झाले ते सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे या नियमांवर चालू लागले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने युनिक्स प्रणालीची ४.२ ही आवृत्ती बाहेर काढली. ‘सॉकेट’ ही कल्पना तिच्याबरोबर सर्वत्र पसरली. घरातील भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटाप्रमाणेच हिचा हेतू आहे. वीज कोणत्या केंद्रातून आणि कोणत्या तारांवरून आली याची चौकशी न करता माणूस प्लग जोडतो. त्याचप्रमाणे कार्यक्रम लिहिणाऱ्याने सॉकेट उघडावे, पलीकडच्या पत्त्याशी जोडावे आणि मग एखाद्या फाइलीत लिहावे-वाचावे तसे लिहावे-वाचावे. हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठविणे, उलटसुलट आलेली क्रमाने लावणे, हे सारे प्रणालीचा गाभा परस्पर पाहून घेतो.

या सुखसोयीची किंमत स्मृतीत मोजली जाते. लिहिलेला मजकूर पलीकडून पोच येईपर्यंत गाभा स्वतःजवळ प्रत करून ठेवतो. पुढचा भाग मागच्याच्या आधी आला तर तो बाजूला ठेवतो. प्रत्येक जोडणीमागे क्रमांक, मुदती आणि अवस्था यांची नोंद बाळगतो. याखेरीज आणखी एक गृहीत फारसे बोलले जात नाही. वाचण्याची आज्ञा दिली आणि मजकूर आला नसेल, तर तो कार्यक्रम तेथेच थांबतो आणि प्रणाली दुसऱ्या कार्यक्रमाकडे वळते. असे थांबता येण्यासाठी प्रत्येक थांबलेल्या कार्यक्रमाचा स्वतंत्र ‘स्टॅक’, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची चळत, जपून ठेवावी लागते. लक्षावधी बाइटांच्या संगणकास या खर्चाचे काही वाटत नाही.

याच्या शेजारी त्याच काळातील दुसरे यंत्र ठेवून पाहावे. १९८० मध्ये इंटेल कंपनीने ८०५१ हा सूक्ष्मनियंत्रक काढला. कारखान्यातील यंत्रे, वजनकाटे, मीटर अशा असंख्य ठिकाणी त्याचे कुटुंब विस्तारले. याच कुटुंबातील ८०५३५ या चकतीत अंतर्गत स्मृती अवघी २५६ बाइट होती आणि स्टॅकही तेवढ्यातच मावावयाचा होता. बाहेरून अधिक स्मृती जोडता येई, पण तीही ६४ किलोबाइटांच्या मर्यादेत. इथरनेटच्या एका पूर्ण पॅकेटात १५०० बाइट मजकूर मावतो. म्हणजे अशा चकतीच्या अंतर्गत स्मृतीच्या जवळजवळ सहापट मोठा ऐवज एका पॅकेटात येतो. आय.पी. आणि टी.सी.पी. यांचे नुसते मथळेच प्रत्येकी किमान २० बाइटांचे, म्हणजे मिळून ४० बाइटांचे असतात. बर्कलीचे सॉकेट जसेच्या तसे अशा यंत्रात उतरविणे म्हणजे पावशेराच्या मापात पायली मोजण्याचा प्रकार झाला असता.

३

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने खोडदची दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. पोलादी तारेची विरळ जाळी दोरांच्या आधाराने ताणून परावर्तक तयार करण्याच्या युक्तीमुळे एवढ्या मोठ्या थाळ्या तुलनेने हलक्या आणि स्वस्त झाल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातील वैज्ञानिकांना अर्पण करण्यात आली.

एवढ्या विस्तृत यंत्रणेचे नियंत्रण हा मूलतः संदेशवहनाचा प्रश्न होय. तीस थाळ्यांनी एकाच वेळी एकाच खगोलाकडे वळावे लागते. प्रत्येकीच्या नाभीस्थानी असलेल्या ग्राहकाचा तरंगपट्टा बदलावा लागतो. तापमान, वीजदाब, संकेताची पातळी अशा शेकडो मोजमापांवर नजर ठेवावी लागते. त्यात या स्थळाची एक विशेष अट आहे. खोडदची जागा निवडण्यामागे तेथील रेडिओ-शांतता हे मोठे कारण होते. भोवतालच्या डोंगरांचा आडोसा आणि शहरांपासूनचे अंतर यांमुळे मीटर-लांबीच्या तरंगांवर मानवनिर्मित गोंगाट कमी होता. अशा ठिकाणी बिनतारी संदेश वापरणे हे आत्मघातकी ठरेल हे उघड आहे. परंतु प्रत्येक अंकीय यंत्र स्वतःही थोडाबहुत रेडिओ-गोंगाट करीत असते, हे तितकेसे उघड नाही. अँटेनेच्या पायथ्याशी ठेवलेला संगणक जितका वेगवान, तितका त्याचा आवाज दुर्बिणीच्या कानाशी मोठा. म्हणून नियंत्रणाची यंत्रे धातूच्या बंदिस्त पेटीत ठेवावी लागतात आणि दूरचा संदेश काचतंतूवरून न्यावा लागतो. येथे लहान यंत्र पसंत करण्यास स्वस्ताईपलीकडचेही कारण होते.

पहिल्या व्यवस्थेत काम तीन पायऱ्यांवर वाटलेले होते. मध्यवर्ती इमारतीतील संगणक काचतंतूवरून प्रत्येक अँटेनेच्या पायथ्याशी असलेल्या संगणकाशी बोले. हा पायथ्याचा संगणक अँटेनेतील निरनिराळ्या उपकरणांजवळ बसविलेल्या नियंत्रण-निरीक्षण पाट्यांशी बोले. या पाट्या ८०५१ च्या कुटुंबातील, वर उल्लेखिलेल्या ८०५३५ जातीच्या सूक्ष्मनियंत्रकावर आधारलेल्या होत्या. एका पाटीस ६४ पर्यंत सदृश संकेत मोजता येत आणि १६ अंकीय आज्ञा देता येत. पाट्या आणि पायथ्याचा संगणक यांमधील दुवा आर.एस. ४८५ या मानकाचा, सेकंदास ९६०० बिटांचा होता.

या दुव्यावरील शिस्त जुन्या शाळेतील वर्गासारखी होती. एकाच तारजोडीवर अनेक पाट्या. गुरुजींनी नाव घेतल्याखेरीज कोणी बोलावयाचे नाही. पाटीला विचारले की ती उत्तर देई आणि पुन्हा गप्प बसे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची. पाटीने काय लक्षात ठेवावयाचे? फक्त चालू स्थिती. आपण मागे काय पाठविले, ते पोहोचले का, हा विचार तिने करावयाचा नाही. कारण ते हरवले तर तिला पुन्हा विचारले जाईल आणि ती त्या क्षणीचे ताजे मोजमाप देईल. तापमानाच्या बाबतीत हरवलेल्या जुन्या आकड्यापेक्षा ताजा आकडा अधिक मोलाचा असतो, ही साधी गोष्ट या व्यवस्थेच्या मुळाशी होती. दुसऱ्या शब्दांत, स्मरणाचे ओझे पूर्णतया वरच्या पायरीवर टाकलेले होते.

तिची मर्यादाही गणिताने दाखविता येते. ९६०० बिटांच्या दुव्यावर प्रत्येक अक्षरास आरंभ व अंताच्या खुणांसह १० बिटे धरली तर सेकंदास ९६० बाइट जातात. एका पाटीची ६४ मोजमापे प्रत्येकी एका बाइटाची मानली तरी केवळ त्यांसाठी सुमारे ६७ मिलिसेकंद लागतात. प्रश्नाचा आणि खुणांचा वेळ वेगळाच. पाट्या वाढतील तशी प्रत्येकीची पाळी लांबणीवर पडते. याउलट काचतंतूतील प्रकाशास एक किलोमीटर जाण्यास सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बाहूच्या टोकाची अँटेना १४ किलोमीटर दूर धरली तरी ७० मायक्रोसेकंदांत संदेश तेथे पोहोचतो. यावरून दिसते की दुर्बिणीचा भौगोलिक विस्तार ही खरी अडचण नव्हतीच; शेवटच्या काही मीटरांतील अरुंद वाट ही अडचण होती.

४

या ठिकाणी एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. टी.सी.पी.चे नियम १९८१ पासून उपलब्ध असता, १९९० च्या दशकात उभारलेल्या या यंत्रणेत स्वतंत्र भाषा का घडवावी लागली? याचे अर्धे उत्तर वर दिलेल्या स्मृतीच्या मर्यादेत आहे. उरलेले अर्धे त्या काळच्या परिस्थितीत शोधावे लागते. पुढे इंटरनेटचे नियम सर्वव्यापी झाले हे आज ठाऊक आहे. त्या वेळी ते ठरलेले नव्हते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची सप्तस्तरीय व्यवस्था हीच पुढे अधिकृत होईल असे अनेक देशांतील शासने आणि दूरसंचार खाती धरून चालली होती. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट या शैक्षणिक जाळ्याने दोन्ही पद्धतींना जागा दिली होती. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था या जाळ्याच्या प्रारंभीच्या केंद्रांत होत्या. एर्नेटच्या आरंभीच्या भाड्याच्या तारा सेकंदास ९६०० बिटांच्याच होत्या, हा योगायोग लक्षणीय आहे. ज्या वेगाने मुंबईतील संशोधक देशातील इतर संस्थांशी बोलत, त्याच वेगाने खोडदच्या अँटेनेतील पाटी आपल्या पायथ्याच्या संगणकाशी बोलत असे. सामान्य भारतीय नागरिकास इंटरनेटची दारे १५ ऑगस्ट १९९५ रोजी उघडली. तेव्हा पहिल्या व्यवस्थेची रचना ही मागासलेपणाची खूण नसून उपलब्ध साधनांशी प्रामाणिक असलेला निर्णय होता, असे म्हणावयास हरकत नाही.

५

दरम्यान स्वीडनमध्ये एक निराळा प्रयत्न चालू होता. तेथील संगणकविज्ञान संस्थेतील ॲडम डंकेल्स यांनी २००१ च्या सुमारास दोन लहान रचना प्रसिद्ध केल्या. पहिली एल.डब्ल्यू.आय.पी., म्हणजे हलकी आय.पी., काही दशसहस्र बाइट स्मृतीत आणि सुमारे ४० किलोबाइटांच्या कार्यक्रमात मावणारी होती. दुसरी मायक्रो-आय.पी. त्याहून कितीतरी लहान होती. तिचा कार्यक्रम सुमारे पाच हजार बाइटांचा आणि स्मृतीची किमान गरज काही शेकडा बाइटांची होती. २००३ मध्ये डंकेल्स यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने आठ-बिटी यंत्रावरही टी.सी.पी.चे नियम खऱ्या अर्थाने पाळता येतात हे सिद्ध केले. तोपर्यंतच्या अनेक लहान रचना नियमांतील नको ती कलमे गाळून चालत. म्हणून त्या ठराविक सोबत्याशीच नीट बोलू शकत. मायक्रो-आय.पी.ने पलीकडच्या यंत्रास दिसणारे वर्तन जसेच्या तसे ठेवले आणि काटछाट केली ती आतल्या घरात.

ही काटछाट कशी केली हे पाहणे उद्बोधक आहे. संपूर्ण रचनेत पॅकेटासाठी एकच जागा. पॅकेट आले की ते त्या जागेत ठेवावयाचे, कार्यक्रमास लगेच हाक मारावयाची, आणि उत्तरही त्याच जागेत लिहून पाठवून द्यावयाचे. पाठविलेल्या मजकुराची प्रत ठेवावयाची नाही. पोच आली नाही तर रचना कार्यक्रमास पुन्हा हाक मारते आणि सांगते की मागचा मजकूर नव्याने तयार कर. सॉकेटाच्या पद्धतीत जे स्मरण गाभ्याकडे होते ते येथे कार्यक्रमाकडे आले. शिवाय वाट पाहत थांबण्याची सोय काढून टाकली. कार्यक्रमाने घटना घडेल तेव्हा जागे व्हावयाचे, काम करावयाचे आणि त्वरित परतावयाचे. त्यामुळे प्रत्येक कामासाठी निराळ्या स्टॅकची गरज उरली नाही. डंकेल्स व सहकाऱ्यांनी २००५ नंतर पुढे आणलेल्या ‘प्रोटोथ्रेड’ या युक्तीत तर अर्धवट राहिलेल्या कामाची खूण अवघ्या दोन बाइटांत राहते. मात्र त्या कामातील स्थानिक चलांच्या किमती टिकत नाहीत, त्या लिहिणाऱ्याने स्वतः सांभाळावयाच्या असतात.

अर्थात ही काटकसर फुकटची नव्हती. प्रत ठेवावयाची नाही म्हटल्यावर एका वेळी एकच पॅकेट पोचेविना बाहेर राहू शकते. पलीकडचा मोठा संगणक मात्र प्रत्येक पॅकेटाची पोच लगेच देत नाही. दुसरे येईल या अपेक्षेने तो बहुधा २०० मिलिसेकंदांपर्यंत थांबतो. दोन मोठ्या संगणकांमध्ये हा शहाणपणा आहे. येथे दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. परिणामी सेकंदास पाचच पॅकेटे जातात. प्रत्येकात २०० बाइट मजकूर धरला तर हा वेग सेकंदास १००० बाइट होतो. इथरनेटच्या राजमार्गावर येऊनही खोडदच्या जुन्या ९६० बाइटांच्या पाऊलवाटेएवढीच गती, असा हा विचित्र हिशेब आहे. पुढे एकाच पॅकेटाचे मुद्दाम दोन तुकडे करून पाठविण्याची तोड निघाली. दुसरा तुकडा पोहोचताच पलीकडचा संगणक पोच देऊन टाकतो. बलिष्ठ पक्षासाठी केलेला करार दुर्बळ पक्षास कोठे अडचणीत आणतो याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

६

२०१० नंतरच्या दशकात खोडदच्या दुर्बिणीचे मोठे नूतनीकरण झाले. पूर्वीच्या तुटक तरंगपट्ट्यांऐवजी सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ हा पल्ला जवळजवळ सलग मिळाला, आणि एका वेळी पाहता येणारी पट्टारुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. या नव्या ग्राहकांसाठी नियंत्रण-निरीक्षणाच्या पाट्याही नव्याने घडविण्यात आल्या. त्या रॅबिट जातीच्या सूक्ष्मनियंत्रकावर आधारल्या आणि त्यांस इथरनेटचे तोंड देण्यात आले. रॅबिट ही १९७६ च्या झेड-८० या प्रसिद्ध आठ-बिटी वंशातील चकती. तिच्यासाठी असलेल्या डायनॅमिक सी या भाषेबरोबर टी.सी.पी.ची ग्रंथालये तयार मिळत. आता पाटीस स्वतःचा पत्ता मिळाला. मधल्या दुभाष्यावाचून मध्यवर्ती संगणक सरळ तिच्या सॉकेटाशी बोलू शकतो.

या सॉकेटाचे नाव तेच असले तरी स्वरूप बर्कलीचे नाही. येथे जोडणीची नोंद ठेवण्याची जागा लिहिणाऱ्यानेच कार्यक्रमात आधी राखून ठेवावयाची असते. किती जोडण्यांना बफर मिळावयाचे हे कार्यक्रम घडवितानाच ठरते, चालता चालता वाढविता येत नाही. गाभा पाठीमागे परस्पर काम करीत नाही. लिहिणाऱ्याने आपल्या मुख्य फेऱ्यात ‘टी.सी.पी. टिक’ या नावाच्या क्रियेस वारंवार हाक मारावी, तेव्हा कोठे जाळ्याचे चाक एक दात पुढे सरकते. एखादे मोजमाप लांबले आणि ही हाक राहिली, तर पोच वेळेवर जात नाही आणि पलीकडचा संगणक ही पाटी मेली असे समजू लागतो. प्रणालीने वाहावयाचे ओझे आणि लिहिणाऱ्याने वाहावयाचे ओझे यांची ही मधली वाटणी होय.

या स्थित्यंतराचा लाभ केवळ वेगाचा मानणे बरोबर होणार नाही. मुख्य लाभ समान भाषेचा आहे. जुन्या व्यवस्थेची भाषा ती घडविणाऱ्यांनाच पूर्ण अवगत होती. नव्या पाटीशी बोलण्यास कोणत्याही सामान्य संगणकावरील कार्यक्रम समर्थ आहे. याच पायावर पुढे टँगो या आंतरराष्ट्रीय नियंत्रण-चौकटीवर आधारलेली वरची व्यवस्था टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सहकार्याने उभी राहिली. आफ्रिका व ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महाप्रकल्पाच्या दुर्बीण-व्यवस्थापनाच्या आराखड्यात पुण्याच्या केंद्राने नेतृत्व केले, त्यालाही खोडदच्या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

तथापि नव्या करारात नवा धोकाही आला. जुनी पाटी वीज जाऊन परत आली तरी काही बिघडत नसे. तिच्याजवळ विसरण्यासारखे काही नव्हतेच. टी.सी.पी.ची जोडणी ही मात्र दोन्ही टोकांनी मिळून जपलेली आठवण असते. पाटीची वीज क्षणभर गेली तर तिची अर्धी आठवण पुसली जाते. मध्यवर्ती संगणकाची अर्धी तशीच राहते. तो काही पाठविल तर पाटी ही जोडणी आपल्या ओळखीची नाही असे कळवून ती तोडेल. पण तो केवळ ऐकत बसला असेल तर त्याला काहीच कळणार नाही. पलीकडचा जिवंत आहे का याची आपोआप चौकशी करण्याची सोय नियमांत आहे. परंतु १९८९ च्या नियमपत्रानुसार ती मुळात बंद असावी आणि चालू केल्यास तिचा मूळ अवधी दोन तासांपेक्षा कमी नसावा. वाऱ्याचा वेग वाढत असता पंचेचाळीस मीटरांची थाळी सुरक्षित स्थितीत आणावयाची असेल, तर दोन तासांची ही मुदत निरर्थक होय. म्हणून अशा व्यवस्थांत दर काही सेकंदांनी लहानसा ‘जिवंत आहे’ संदेश पाठविण्याची प्रथा लिहिणाऱ्यासच पाडावी लागते. म्हणजे जुन्या शाळेतील हजेरी सॉकेटाच्या आत पुन्हा अवतरते. आणि अवजड यंत्राच्या जीविताचा शेवटचा निर्णय कोणत्याही जाळ्यावर न सोपविता जागच्या जागी घेतला जावा, हे तत्त्व दोन्ही व्यवस्थांस सारखेच लागू राहते.

७

खोडदबाहेरच्या जगातही हीच चर्चा पुढे चालू राहिली. २००७ मध्ये १२७ बाइटांच्या लहान बिनतारी चौकटीत सहाव्या आवृत्तीची आय.पी. बसविण्याचे नियम आले. या आवृत्तीचा मथळाच ४० बाइटांचा असल्याने तो दाबून काही थोड्या बाइटांवर आणावा लागला. तो दाबता येतो याचे कारण दोन्ही टोकांना सामायिक गोष्टी आधीच ठाऊक असतात, म्हणजे पुन्हा स्मरणच. २०१४ च्या एका नियमपत्राने अल्पबल यंत्रांचे वर्ग पाडले. पहिल्या वर्गात सुमारे १० किलोबाइट स्मृती आणि १०० किलोबाइट कार्यक्रम, दुसऱ्यात सुमारे ५० आणि २५०. याहून खूप कमी असलेल्यांचा शून्य वर्ग, ज्यांनी मोठ्या सोबत्याच्या आधारानेच जाळ्यावर यावे. खोडदची जुनी पाटी ही या व्याख्येने शून्य वर्गातील, आणि पायथ्याचा संगणक हा तिचा मोठा सोबती. व्याख्या येण्यापूर्वी दोन दशके ती व्यवस्था प्रत्यक्षात चालू होती. २०१४ मध्येच चीनमधील एका कंपनीची ई.एस.पी. ८२६६ ही स्वस्त बिनतारी चकती जगभर पसरली. तिच्या पोटात डंकेल्स यांच्या एल.डब्ल्यू.आय.पी.चीच रचना आहे. प्रयोगशाळेतील वस्तू हौशी विद्यार्थ्याच्या मेजावर आली.

या प्रश्नाचे महत्त्व वेधशाळांपुरते मर्यादित नाही हे एका निकटच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. आंबेगाव तालुक्याचे ठाणे असलेले घोडेगाव निराळे. या भागातील शेतकरी उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत ठेवतो आणि भाव पाहून पुढील काही महिने तो थोडाथोडा विकतो. मधल्या पावसाळ्यात ओलावा आणि उष्णता यांनी कांदा सडतो वा मोड धरतो. चाळीत तापमान आणि आर्द्रता मोजणारे एक लहान यंत्र ठेवावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे खोडदचाच प्रश्न उभा राहतो. दर दहा मिनिटांस एक मोजमाप आणि प्रत्येकास चार बाइट धरले तर दिवसास १४४ मोजमापांचे ५७६ बाइट होतात, आठवड्याचे ४०३२. पावसात वीज आणि जाळे आठवडाभर बंद राहिले, तर पहिल्या वर्गातील यंत्र आपल्या दहा किलोबाइटांतून चार बाजूला काढून सारी नोंद टिकवू शकेल. परंतु मोठ्या संगणकाच्या थाटाने सॉकेटाच्या बफरांसाठी ती जागा आधीच खर्च केलेली असेल तर टिकवू शकणार नाही. २५६ बाइटांच्या चकतीत तर ६४ मोजमापे, म्हणजे दहा तास चाळीस मिनिटांचीच नोंद मावेल.

येथे खोडदच्या पहिल्या व्यवस्थेचे तत्त्वही तपासून घ्यावे लागते. दुर्बिणीस ताजा आकडा हवा असतो, जुना हरवला तरी चालतो. कांद्याच्या चाळीत याच्या उलट स्थिती आहे. कोणत्या रात्री ओलावा चढला आणि किती वेळ चढून राहिला, हा गेलेला आकडाच शेतकऱ्यास हवा असतो. कारण कोणता ढीग आधी उपसावयाचा आणि कोणता अजून थांबू शकेल हे त्यावरून ठरते. म्हणून विचारल्याखेरीज न बोलणारी आणि मागचे काही न ठेवणारी पाटी खोडदला योग्य होती तरी घोडेगावास योग्य ठरणार नाही. आणि पुन्हा पाठविण्याची प्रत गाभ्याजवळ ठेवणारे सॉकेटही येथे पुरेसे नाही, कारण वीज गेली की त्याचीही आठवण जाते. येथे नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहिली गेली पाहिजे आणि जाळे परत येताच ती आपल्या क्रमाने पाठविली गेली पाहिजे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, अल्पस्मृती यंत्रासाठी जाळ्याची रचना निवडताना ती किती लहान आहे हा दुसरा प्रश्न होय. काय विसरले तर चालेल आणि काय विसरता कामा नये, आणि जे विसरता कामा नये ते कोणाच्या हवाली करावयाचे, हा पहिला प्रश्न होय. बर्कलीने ते गाभ्याच्या हवाली केले, डंकेल्स यांनी कार्यक्रमाच्या, खोडदच्या पहिल्या रचनाकारांनी मध्यवर्ती संगणकाच्या, आणि दुसऱ्यांनी ते दोहोंत विभागले. यांतील कोणतेही उत्तर दुसऱ्यास कायमचे बाद करीत नाही; प्रत्येक आपल्या कामाच्या स्वरूपावरून बरोबर वा चूक ठरते. तंत्राच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने यंत्रांच्या क्षमतेचे आकडे जरूर नोंदवावेत. पण त्या आकड्यांमागे कोणत्या विस्मरणाची परवानगी दिली गेली होती हेही नोंदविल्याखेरीज तो इतिहास पुरा होणार नाही.